वाचकांचे प्रश्न : जुन्या स्पीकरचा ट्विटर उडालाय, बदलायचा की वाचवायचा?

गणपती आणि नवरात्र झालं की दरवर्षी या सदराकडे एकाच दुखण्याची पत्रं येतात, स्पीकर वाजतोय पण वरचे स्वर गायब, गाणं बसल्यासारखं येतंय. यंदा तर इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आणि सगळी जागा ट्विटरला, म्हणजे स्पीकरमधल्या वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरला, दिली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण ती प्रत्येक उत्तरात येणारच आहे. जुन्या स्पीकरमधला मूळ ट्विटर कंपनी आता बनवत नाही, तो गेला की त्या स्पीकरचा आवाज परत तसा मिळणं अवघड, आणि "जळालाय, नवीन टाका" असं ऐकून जे ट्विटर भंगारात जातात त्यातले बरेचसे जळालेले नसतातच. तेव्हा आधी मोजा, मग ठरवा.

प्रश्न : दादा, वडिलांचे टू-वे स्पीकर आहेत, १९७० च्या दशकातले, आत फिलिप्सचे ड्रायव्हर आहेत. डावीकडचा ट्विटर काहीच बोलत नाही. मेन रोडजवळच्या एका दुकानात दाखवला तर म्हणाले ट्विटर जळालाय. पण मी घरी मागच्या टर्मिनलला मीटर लावला तर ६.३ ओहम दाखवतोय, म्हणजे कॉइल चांगली आहे ना? कोणाचं खरं धरायचं?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अजून दोघांचंही सिद्ध झालेलं नाही. मागच्या टर्मिनलला मीटर लावलात तेव्हा तुम्हाला जे ६.३ ओहम दिसले ते वूफरचे, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरचे आहेत, ट्विटरचे नाहीत. ट्विटरच्या वाटेत सिरीजमध्ये कपॅसिटर असतो, मीटर डीसी सोडतो आणि कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे बाहेरून मोजलं तर ट्विटर जिवंत असो की मेलेला, मीटरला तो दिसतच नाही. ही चूक इतकी सर्रास होते की मला वाटतं निम्म्या चुकीच्या निदानाचं मूळ इथेच आहे.

ट्विटरचे स्क्रू काढून तो बाहेर घ्या. आता दुसरी फसगत. तारा तशाच जोडलेल्या ठेवून मोजलंत तर बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वरचे आणि खालचे स्वर वेगळे करून त्या त्या ड्रायव्हरला देणाऱ्या सर्किटमध्ये, ट्विटरला समांतर एक इंडक्टर (तारेचं वेटोळं) असतो, त्याचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, मीटर तोच दाखवणार आणि तुम्ही म्हणणार ट्विटर शॉर्ट झाला. म्हणून कुठली तार कुठल्या टॅगला होती त्याचा मोबाईलवर फोटो काढा, निदान एक तार सोडवा आणि मगच मोजा. ८ ओहमचा ट्विटर साधारण ५.५ ते ७ च्या मधे दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास. मीटरच्या वायरींचाच पाव ओहम असतो तो वजा धरा. तुमच्याकडे उजवीकडचा चालू ट्विटर आहे ना, तो सगळ्यात भरवशाचा दाखला, दोन्ही मोजून शेजारी लिहून ठेवा. फिलिप्सवर जर एडी ०१६० टी८ असं काही छापलेलं असेल तर त्यातला टी म्हणजे ट्विटर आणि ८ म्हणजे ओहम, तेवढ्यावरून तुम्हाला अंदाज येईल.

रीडिंग बरोबर आलं तर ट्विटर बहुतेक ठीक आहे आणि दोष मागे आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि त्याच्या तारा ट्विटरला क्षणभर नुसत्या टेकवा, स्वच्छ टिक ऐकू आली की डोम, म्हणजे कॉइलला जोडलेला पुढचा गोल पडदा, हलतोय. धरून ठेवायचं नाही, आणि ९ व्होल्टची बॅटरी अजिबात लावू नका, मी असे चांगले ट्विटर टेस्ट करता करता मेलेले बघितलेत.

मग मागे काय गेलं असेल? पहिला संशय कपॅसिटरवर. त्या काळच्या स्पीकरमध्ये नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असायचे, चाळीस-पन्नास वर्षांत ते आतून सुकतात, व्हॅल्यू सरकते, आतला रेझिस्टन्स वाढतो आणि वरचे स्वर हळूहळू मरत जातात. त्याच व्हॅल्यूचा फिल्म कपॅसिटर टाका, १०० व्होल्टचा चालतो. नेहमीचा प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक टाकायचा नाही. अगदीच अडलं तर १० मायक्रोफॅरॅडचे दोन, मायनसला मायनस जोडून टाकले की ५ मायक्रोफॅरॅडचा नॉन-पोलर होतो, ४.७ च्या जागी काम भागतं, पण ती तात्पुरती सोय. बदलताना दोन्ही बॉक्समधले बदला, एकाच बाजूचा बदललात तर दोन बाजूंचा आवाज वेगळा येईल आणि तुम्ही परत ट्विटरलाच दोष द्याल.

दुसरा संशय, स्पीकरच्या पुढे किंवा मागे ट्रेबल कमी-जास्त करायचं बटण असेल तर त्यावर. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात त्याच्या आतला तारेचा ट्रॅक काळा पडतो. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा, मधेच कुठे ट्विटर खरखरत जागा झाला तर चोर सापडला. दुकानदाराने वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणणार नाही, गर्दीच्या वेळी कोणी बॉक्स उघडून तार सोडवून मोजत बसत नाही, तुम्ही घरी ते करू शकता एवढाच फरक.

प्रश्न : सर, माझा अँप्लिफायर फक्त ३० वॅटचा आहे आणि स्पीकरवर १०० वॅट लिहिलंय. तरी गणपतीत एका रात्रीत दोन्ही ट्विटर गेले. वूफर एकदम ओके. कमी पॉवरच्या अँपने ट्विटर जळूच कसा शकतो?
– सिडको

उत्तर : जळू शकतो, आणि घरगुती ट्विटर बहुतेक वेळा असेच जळतात.

आधी त्या १०० वॅटचं बघू. तो आकडा अख्ख्या बॉक्सचा असतो, नेहमीचं संगीत वाजवताना. संगीतातली बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या स्वरांत असते, ट्विटरच्या वाट्याला त्यातला छोटासा तुकडा येतो, त्या हिशोबानेच ट्विटर बनवलेला असतो. एक इंची डोमची कॉइल म्हणजे केसासारखी बारीक तार, ती सलग मोजकेच वॅट सोसते. बॉक्सवर १०० लिहिलं म्हणजे ट्विटरला १०० देता येतात असं नव्हे.

आता तुमचा ३० वॅटचा अँप. मंडपात माणसं वाढली, आवाज पुरेना, व्हॉल्यूम पुढे सरकवला. अँपकडे देण्यासारखं संपलं की तो लाटेची डोकी सपाट कापायला लागतो, यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि ते कपॅसिटरमधून थेट ट्विटरकडे जातात. त्याहून मोठी गोष्ट अशी की बेस आणि मधले स्वर तर छताला टेकलेत, ते आणखी वाढू शकत नाहीत, पण गाण्यातला ट्रेबल अजून छताच्या खाली असतो, तो तुम्ही व्हॉल्यूम वाढवाल तसा वाढतच राहतो. म्हणजे वाटणीच बदलते, ट्विटरच्या ताटात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पडतं, आणि ते क्षणभर नाही तर आरतीपासून रात्री दहापर्यंत.

यात ट्रेबलचं बटण पूर्ण उजवीकडे असेल तर संपलंच. १० डेसिबल वाढवले म्हणजे त्या पट्ट्यात दहापट पॉवर. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट. कानाला "थोडं खुललं" एवढंच वाटतं, पण कॉइलला ते दहापट असतं. बाहेर मोकळ्या जागेत वरचे स्वर कमी ऐकू येतात म्हणून माणूस ट्रेबल चढवतो, लाउडनेसचा स्विचही दाबतो, आणि लाकडी कॅबिनेटचे घरातले स्पीकर गल्लीतल्या मंडपाचं काम करायला लागतात. ते त्यांचं काम नाही हो. मंडपाला भाड्याचे हॉर्नवाले स्पीकर आणा आणि घरचे घरातच ठेवा.

अजून दोन खुनी आहेत. अँप चालू असताना पिना काढणं-घालणं, त्या "ढप्प" आवाजात ट्विटर जाऊ शकतो. आणि जुन्या टेप डेकवर गाणं शोधताना हेड टेपला टेकलेलं ठेवून फॉरवर्ड करणं, तो चिवचिवाट म्हणजे निव्वळ वरचे स्वर, शोधताना व्हॉल्यूम खाली घ्या.

नवीन ट्विटर टाकाल तेव्हा अँप मोठा आणा असं मी उगाच सांगणार नाही, पण आवाज फाटायला लागला की मागे घ्या, एवढा एक नियम पाळलात तर ३० वॅट घरात पुष्कळ आहेत.

प्रश्न : मी कंपनीत लेथवर असतो, बारीक कामाचा हात आहे. जुन्या एका डोम ट्विटरचं रीडिंग पूर्ण ओपन आहे. उघडून बघू का? कॉइल घरी भरता येते का?
– सातपूर

उत्तर : तुमच्यासारख्या माणसाने नक्की उघडावा. पण सातपूरचं पत्र म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी. लेथवरून आलात की शर्टाला, नखांत, केसांत लोखंडाचा बारीक कीस असतो. ट्विटरच्या मॅग्नेटची फट जेमतेम मिलिमीटरभर, तिथे एक कण गेला की तो चिकटून बसतो आणि डोम हलला की खरखरतो. घरी या, आंघोळ करा, कपडे बदला, आणि ज्या टेबलावर कधी कानस चालली नाही अशा टेबलावर कोरा कागद पसरून काम करा.

दुसरं म्हणजे स्क्रूड्रायव्हर. मॅग्नेटजवळ नेला की तो हातातून झेप घेतो आणि थेट डोमच्या मधोमध जाऊन बसतो, चांगल्या ट्विटरला भोक पडायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. डोमवर बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चिकटपट्टीने लावून घ्या, मग स्क्रूला हात लावा.

तिसरं, मॅग्नेट ओळखा. मागे काळसर राखाडी जाड चकती दिसत असेल तर तो फेराइट. मागे लोखंडी वाटीसारखं बंद कवच असेल आणि ट्विटर साठ-सत्तरच्या दशकातला असेल तर आत अल्निको असू शकतो. अल्निकोची लोखंडी पट्टी आणि मॅग्नेट एकमेकांपासून सोडवलेत तर मॅग्नेट तिथल्या तिथे कमजोर पडतो आणि परत चार्ज केल्याशिवाय सुधारत नाही. तुम्हाला फक्त पुढची फेसप्लेट आणि डोम काढायचाय, त्याच्या मागचं काहीही उघडू नका. काही ट्विटरमध्ये सगळं चिकटवलेलं असतं, तिथे जबरदस्ती करू नये.

फेसप्लेट आणि मॅग्नेट यांच्यावर पेन्सिलने एक सरळ रेघ मारा म्हणजे परत त्याच जागी बसेल. स्क्रू काढा, प्लेट सरळ वर उचला, तिरकी केलीत तर कॉइल फटीच्या कडेला घासते. उलटी केलीत की डोमच्या खालच्या कडेला कॉइल दिसेल, आणि तिथून दोन तारा सराउंडवरून, म्हणजे डोमभोवतीच्या लवचिक कडेवरून, टर्मिनलकडे गेलेल्या. घड्याळजी लावतात तसलं भिंग घ्या आणि त्या दोन तारांचा प्रवास इंच इंच बघा. डोम हजारो वेळा पुढे-मागे होतो आणि जिथे तार वाकते तिथेच ती थकून तुटते, पुष्कळदा टर्मिनलच्या सोल्डरच्या अगदी अलीकडे. मीटरच्या दोन्ही प्रोबला शिवणाची सुई बांधा आणि कॉइलच्या दोन टोकांना टोचून मोजा. सहाच्या आसपास आलं तर आनंद करा, कॉइल शाबूत आहे, फक्त बाहेरची तार तुटलीय.

जोडायची अशी. तुटलेल्या टोकावरचं इनॅमल अगदी बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून हलकेच ओढून काढा, तांबं चमकलं पाहिजे. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टोकाला कथिल चढवा. मधे जोड द्यायला लवचिक वायरमधला एकच बारीक धागा घ्या, तो ताणून लावायचा नाही, मधे छोटा बाक ठेवायचा म्हणजे परत वाकून तुटणार नाही. सोल्डर एका सेकंदात झालं पाहिजे, जास्त वेळ धरलंत तर प्लास्टिक वितळतं किंवा खालचा गोंद सुटतो. जोडावर चिकटवायचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच, कारण या सगळ्याचं वजन डोमला उचलायचंय, आणि एका बाजूला वजन वाढलं की डोम तिरका हलतो. तार चंदेरी दिसत असेल आणि सोल्डर धरतच नसेल तर कॉइल ॲल्युमिनियमची असण्याची शक्यता आहे, तिथे साधं कथिल चालत नाही, ते काम रीकोनिंगवाल्याला, म्हणजे स्पीकरचे कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्याला, द्या.

आता कॉइल खरंच जळालेली असेल तर तुम्हाला ते मीटरशिवाय कळेल. वास येतो, तार तपकिरी-काळी पडलेली असते, ज्या कागदावर किंवा फॉइलवर ती गुंडाळलीय तो फुगलेला असतो. इथे पहिला पर्याय तयार डायफ्राम, म्हणजे डोम आणि कॉइल एकत्र आलेली. तुमच्या मॉडेलचा मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर भरायची.

हिशोब दाखवतो, तुम्हाला आवडेल. ०.१ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, म्हणजे जवळजवळ ४२ गेज, मीटरला सुमारे २.२ ओहम देते. आपल्याला ६ ओहम हवेत, म्हणजे पावणेतीन मीटर तार. २५ मिलिमीटरच्या कॉइलचा एक वेढा साधारण ८० मिलिमीटरचा, म्हणजे ३४ वेढे. दोन थरांत सतरा-सतरा, इनॅमल धरून उंची दोन मिलिमीटर. हे सगळं आधी जुन्या कॉइलवरून ताडून बघा, तिचे वेढे मोजा, तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्या, तुमच्याकडे तो असेलच. तार एक गेज जाड झाली तरी फटीत घासेल. वेढे भरायला लेथवर अचूक मापाचा नायलॉनचा गोल तुकडा करून घ्या, त्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, त्यावर कॉइल, म्हणजे नंतर पट्टी ओढली की कॉइल मोकळी. गोंद जास्त तापमान सोसणारं इपॉक्सी घ्या, घरात चिकटवायला वापरतो ते गरम झालं की सोडतं आणि मग वेढे फटीत उलगडतात. हे काम दुकानात कोणी करून देत नाही कारण वेळेच्या मानाने पैसे मिळत नाहीत, पण ज्याचा हात बसलाय त्याच्याकडून झालेली कॉइल मूळच्या इतकीच चांगली वाजते, हे मी ऐकून सांगतोय.

बंद करायच्या आधी फट साफ करा. व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि फटीत गोल फिरवा, जे निघेल ते बघून चकित व्हाल. मग प्लेट रेघेवर ठेवा, स्क्रू अर्धवट आवळा, १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर सिरीजमध्ये ठेवून अँपवरून अगदी कमी आवाजात मोबाईलच्या टोन जनरेटरने १५०० हर्ट्झच्या आसपासचा सूर सोडा, आणि प्लेट कणाकणाने सरकवत जा. घासत असेल तोवर सुराबरोबर बारीक चर्र ऐकू येते, ती नाहीशी झाली की तिथेच स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

जोडताना प्लस-मायनस मूळ फोटोप्रमाणेच. बऱ्याच टू-वे स्पीकरमध्ये कंपनीनेच ट्विटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो कारण तो क्रॉसओव्हर दोन ड्रायव्हरच्या लाटा एकमेकींच्या उलट करून टाकतो. तुम्हाला ते चुकीचं वाटेल आणि सरळ करावंसं वाटेल. करू नका, मधले स्वर खड्ड्यात जातील.

प्रश्न : माझ्या जुन्या इंग्लिश स्पीकरमध्ये दुकानदाराने मूळ डोमच्या जागी पिझो ट्विटर बसवून दिला. म्हणाला याला कधीच काही होत नाही. पण आता आवाज इतका चरचरतो की अर्धा तास ऐकवत नाही. मूळ ट्विटर त्याने परत दिला नाही.
– गंगापूर रोड

उत्तर : वाईट वाटलं वाचून. पहिलं काम, त्या दुकानात परत जा आणि मूळ ट्विटर मागा, टोपलीत पडलेला असेल तर मिळेल. जळालेला असला तरी मागा. त्याची फेसप्लेट, मॅग्नेट, सगळं वापरता येतं, आत फक्त डायफ्राम नवा लागतो. कोणालाही स्पीकर दुरुस्तीला दिला की काढलेला भाग परत हवा हे आधीच सांगून ठेवत चला.

पिझो वाईट वस्तू नाही, पण तिची जागा वेगळी. त्यात कॉइलच नसते, स्फटिकाची पातळ चकती व्होल्टेजने वाकते. त्यामुळे क्रॉसओव्हरला तो ८ ओहमचा दिसत नाही, नुसता एक कपॅसिटर दिसतो. तुमच्या क्रॉसओव्हरची सगळी मापं ८ ओहम समोर आहेत असं धरून केलेली होती, ती कोसळली आणि नको त्या ठिकाणी उसळी आली, तीच तुम्हाला चरचर ऐकू येतेय. मूळ मिळेपर्यंत पिझोला समांतर ८ ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर लावा, थोडं सुसह्य होईल.

नाहीच मिळाला तर पर्यायी डोम निवडताना नुसतं "८ ओहम आहे ना" बघून चालत नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती जोरात वाजतो ते, जुळली पाहिजे, जुना ८८ डेसिबलचा आणि नवा ९२ चा असेल तर तो कायम पुढे पुढे करणार, मग रेझिस्टर टाकून त्याला खाली आणावा लागतो. नव्याचा रेझोनन्स, म्हणजे ज्या स्वराला तो आपसूक सगळ्यात जास्त थरथरतो तो, क्रॉसओव्हरच्या निम्म्यावर किंवा त्याच्या खाली हवा, म्हणजे क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला असेल तर १२५० च्या खाली. फेसप्लेट कापलेल्या भोकात बसली पाहिजे, लाकूड कोरून मोठं करू नका, तो मूळ स्पीकर परत कधीच मूळ होत नाही. आणि घ्यायची जोडीच. नाशकात एवढी निवड मिळत नाही. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून ग्रँट रोडला जा, लॅमिंग्टन रोडला डेटाशीट दाखवणारे दुकानदार आहेत, संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येतं. चालू बाजूचा ट्विटर सोबत न्या, फोटोवर खरेदी करू नका.

प्रश्न : नातवाने दोन्ही डोम बोटाने आत दाबले. वाजतात, पण दिसायला वाईट दिसतं. काही उपाय?
– देवळाली कॅम्प

उत्तर : कापडी डोम असेल तर चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवून सरळ बाहेर ओढा, बहुतेक वेळा टप्पकन बाहेर येतो. जोर न लावता एक-दोनदा करा. कडक प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर सुरकुती राहणारच, आवाजात चर्र नसेल तर तसाच वाजवा. आणि एक गंभीर सूचना, यामाहाचे एनएस-१००० सारखे १९७० च्या दशकातले काही स्पीकर बेरिलियमच्या डोमचे आहेत. तसा डोम फुटला असेल तर त्याला घासू नका, कापू नका, तुकडे झाडू नका, बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. आता दोन्ही स्पीकरना जाळी लावून टाका.

प्रश्न : आमच्या छोट्या स्टुडिओत यामाहा एनएस-१० ची जोडी आहे. एक ट्विटर गेला. जुने लोक ट्विटरवर टिश्यू पेपर लावायचे असं ऐकलं, तसं लावलं तर ट्विटर वाचतो का?
– कॉलेज रोड

उत्तर : टिश्यू ट्विटर वाचवत नाही. १९७८ साली हा स्पीकर घरासाठी आला तेव्हा तो वर जरा जास्तच उजळ होता, स्टुडिओवाल्यांनी जवळून ऐकताना ते सौम्य करायला कागद लावला, एवढंच. कॉइलला जाणारी पॉवर तितकीच राहते. वाचवायचं असेल तर स्पीकरच्या वायरमध्ये फ्यूज टाका आणि माइकची शिट्टी वाजते तेव्हा मॉनिटर म्यूट असू द्या, तुमच्या धंद्यात फीडबॅक हाच खरा मारेकरी.

यामाहाने या स्पीकरचं उत्पादन २००१ मध्ये बंद केलं, वूफरच्या कोनचा लगदा मिळेना म्हणून. त्यामुळे मूळ ट्विटरला आता जुन्याच बाजारात भाव आहे. एनएस-१० च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत ट्विटर वेगळा आहे, मागचा नंबर वाचून तोच मागवा, आणि आला की दोन्ही बाजूंचं रीडिंग घेऊन ताडा. दोन बाजूंना दोन वेगवेगळे ट्विटर लावून मिक्सिंग करू नका, गायकाचा आवाज मधे उभा राहणार नाही.

प्रश्न : माझे दोन्ही ट्विटर वाजतात, रीडिंगही बरोबर आहे, पण फार मंद वाजतात. कपॅसिटर नवे टाकले, फरक नाही. १९८० च्या दशकातले आहेत.
– नाशिकरोड

उत्तर : फेरोफ्लुइड सुकलंय असं मला वाटतं. मॅग्नेटच्या फटीत कॉइल थंड ठेवायला एक काळं तेलकट द्रव भरतात, त्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. मुळात १९६३ साली नासामध्ये रॉकेटच्या इंधनासाठी शोधलं गेलं, पुढे ट्विटरमध्ये आलं. तीन-चार दशकांत ते घट्ट होऊन डांबर होतं आणि कॉइलला हलू देत नाही. मीटरला काहीच दिसत नाही कारण तार शाबूत असते.

वरच्या सातपूरच्या उत्तराप्रमाणे डोम काढा. फटीत काळा चिकट थर दिसला तर टीपकागदाच्या पट्ट्या घालून घालून उचला, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडी पट्टीने पुसा, कॉइलवरचा थर कानकाडीने फार जपून. मग नवीन फेरोफ्लुइड, स्पीकरसाठी मिळतं तेच आणि सांगितलंय तितकंच, जास्त भरलं तर बाहेर येऊन डोमला लागतं. मशीन ऑइल वगैरे घालायचं नाही, ते फटीत राहत नाही. आणि तुमच्या ट्विटरमध्ये मुळात फेरोफ्लुइड नव्हतंच असं दिसलं तर नव्याने भरू नका, त्याचा सगळा तोल त्याशिवायच धरलेला असतो.

प्रश्न : दुरुस्ती झाली, पण आता बरोबर झालं की नाही हे कानाने कसं ओळखायचं? आमच्याकडे मोजायचं यंत्र नाही.
– ओझर

उत्तर : दोन्ही स्पीकर शेजारी ठेवा, बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे करा आणि एकच रेकॉर्डिंग ऐका, शक्यतो मोनो. नुसता तानपुरा असलेला आलापाचा भाग सगळ्यात चांगला. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांची झालर, ट्विटर मंद असेल तर त्या बाजूला तार नुसती टणटण करते आणि झालर येत नाही. मग तबला, चाटेवरचा "ना" दोन्हीकडे सारखा कोरडा आणि टोकदार यायला हवा. भजनातले टाळ लावा, टाळेचा आवाज सुटल्यावर त्याची कंप विरत जाते ती शेवटपर्यंत स्वच्छ असली पाहिजे, मधेच चिरफळली तर कॉइल घासतेय, परत सेंटर करा. घरातला लहान मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही बसवा, वय वाढलं की आपल्या कानाचे वरचे स्वर कमी होतात, त्यांना फरक आपल्या आधी कळतो. पहिले काही दिवस ट्रेबलचं बटण मधोमध ठेवा आणि आवाज बेताचा.